मदत हवी आहे: पन्हाळ्याच्या उतारावर सायकलवरनं दुसऱ्यांदा पडलोय, हेल्मेट चिकटवून चालेल का?

पायडलमार: रविवारी सकाळी पन्हाळ्यावरून येताना उजव्या वळणावर पडलो. महिन्यात दुसऱ्यांदा, आणि दोन्ही वेळा सेम. वळणात ब्रेक दाबला की पुढचं चाक सर्रकन जातं आणि मी उजव्या कुशीवर. ब्रेक परवाच घट्ट करून घेतलेत, टायर नवीन आहेत. हेल्मेटला कानाच्या वर आतनं बोटभर चीर गेलीय, बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत. प्रश्न दोनच. फेविक्विकनं चिकटवून वापरलं तर चालेल का? आणि न घसरणारा टायर कुठला? लवकर सांगा, येत्या रविवारी परत जायचंय, ग्रुपमध्ये नाव दिलंय.

रंकाळाफेरी: सायकल कुठली? टायर किती रुंद, हवा किती, रस्ता ओला होता का, तुमचं वजन किती? आणि डोक्याला लागलं का ते आधी सांगा.

पायडलमार: हायब्रिड. ३५ मिमीचा टायर, हवा ८५ पीएसआय. वजन ६२. रस्ता कोरडा, वळणाच्या आतल्या बाजूला थोडी बारीक खडी पसरलेली. डोक्याला काही नाही, जरा जड वाटतंय एवढंच.

निवृत्त_गुरुजी: आम्ही कॅरियरला गुळाची ढेप बांधून मार्केट यार्डात जात होतो. हेल्मेट हा शब्दही माहीत नव्हता. कधी पडलो नाही. हल्लीच्या पोरांना तोलच राहिलेला नाही.

डोंगरकोस: गुरुजी, तुमच्या वेळी मागनं डंपर किती यायचे? आणि ढेप घेऊन पन्हाळा उतरलासा का कधी?

पायडलमार, चिकटवू नका. हेल्मेटचं खरं काम आतला थर्मोकोलसारखा थर करतो. आपटल्यावर तो दबतो, चिरतो, म्हणून डोक्याला कमी बसतं. एकदा दबला की तो परत फुगत नाही. बाहेरचं प्लॅस्टिक चकचकीत दिसतं म्हणून माणूस फसतो. ती चीर म्हणजे हेल्मेटनं त्याचं काम केलं. आता त्याला सुट्टी द्या.

निवृत्त_गुरुजी: सायकलला हेल्मेटची सक्ती कायद्यात कुठं आहे? दाखवा.

डोंगरकोस: नाहीच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटरसायकलवाल्यांसाठी. पण सायकल शर्यतीतल्या मोठमोठ्या खेळाडूंनाही हेल्मेट नको होतं. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा खेळाडू पडून दगावला, मग त्याच वर्षी सक्ती झाली. ते काय तोल न येणारे होते?

राजारामपुरी_ताई: हेल्मेटचं राहू दे. 'जरा जड वाटतंय' हे 'काही नाही' नव्हे. मी दवाखान्यातच काम करतो, असे पेशंट रोज बघतो. उलटी, झापड, डोकेदुखी वाढणं, बोलताना अडखळणं, यातलं काही झालं तर लगेच जायचं. काही नसलं तरी आज एकदा डॉक्टरना दाखवा, आणि रात्री एकटे झोपू नका.

डेक्कनवाला: ताई म्हणवता आणि 'करतो', 'बघतो'?

राजारामपुरी_ताई: कोल्हापुरात आम्ही बायका असंच बोलतो. पुण्यातनं दुरुस्ती नको.

ट्यूबलेसप्रेमी: सगळे मूळ मुद्दा सोडून चाललेत. टायर ट्यूबलेस करा. मी केल्यापासून दोन वर्षांत एक पंक्चर नाही.

रंकाळाफेरी: अहो, पंक्चर कुणी विचारलंय? पण हवा फार आहे हे खरं. ६२ किलोच्या माणसाला ३५ च्या टायरमध्ये ८५ म्हणजे दगडच. खडीवर उड्या मारतो, पकड राहत नाही. पुढं ४५, मागं ५० करून बघा.

डोंगरकोस: हवेनं फरक पडेल, पण दोनदा सेम पडायला दुसरं काहीतरी असणार. वळणात शिरायच्या आधी वेग कमी करायचा, आत गेल्यावर ब्रेक सोडायचा. उजवं वळण असेल तर डावं पायडल खाली, सगळा भार त्यावर. नजर वळणाच्या पलीकडं, खडीकडं बघाल तर खडीतच जाल. तुम्ही नक्की कुठला ब्रेक दाबता?

पायडलमार: डावा, म्हणजे मागचाच. उतारावर पुढचा दाबू नये हे शाळेपासून माहिती आहे. स्कूटरलाही डावाच मागचा.

तांबडा_पांढरा: पन्हाळ्यावर झुणका-भाकरी कुठं चांगली मिळते सध्या? रविवारी आम्हीपण आहे.

डोंगरकोस: थांबा, झुणका नंतर. पायडलमार, मागचा ब्रेक जास्त दाबला तर मागचं चाक घसरतं, ढुंगण बाहेर जातं. तुमचं दोन्ही वेळा पुढचं गेलं. सायकल कुठनं घेतली?

पायडलमार: मेहुण्याची. अमेरिकेतनं परत येताना बरोबर आणली, वर्षभर पडून होती, मी दोन महिने चालवतोय. याचा काय संबंध?

डोंगरकोस: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! तिकडं डावा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो. आपल्याकडं उजवा. आत्ता उठा, पुढचं चाक उचलून हातानं फिरवा आणि डावा दाबा.

पायडलमार: फिरवलं. डावा दाबला. पुढचं चाक जागेवर थांबलं.

दोन महिने मागचा समजून पुढचा दाबतोय. दुकानातल्या पोरानंही काही न बोलता तसाच घट्ट करून दिला.

रंकाळाफेरी: केबलवाले ब्रेक असतील तर अदलाबदल अर्ध्या तासाचं काम. केबल नव्या टाका, जुन्या कमी पडतात. दुकानात उजवा पुढचा असं स्पष्ट सांगा आणि आल्यावर परत चाक फिरवून बघा. पडल्यावर फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा चिमटा, वाकला नाही ना, तेही तपासून घ्या. पहिले दोन दिवस सपाटीला, रंकाळ्याभोवती चालवा.

राजारामपुरी_ताई: डॉक्टरकडं गेलासा का?

पायडलमार: निघालोय. गाडी बायको चालवतेय.

निवृत्त_गुरुजी: आमच्या सायकलला केबल नव्हतीच. लोखंडी दांडीचे ब्रेक होते. ते कुणी चुकून उलटे बसवून दाखवावेत.