शब्दचर्चा: चेक 'पालेत्स' म्हणजे बोट की अंगठा?

भाषावेडा: एका चेक कथेचा अनुवाद करतोय. नायकाचा 'पालेत्स' मोडलाय. मी रशियन शिकलेला, त्यात पालेत्स म्हणजे बोट, हाताचं किंवा पायाचं. चेक शिकवणारी मैत्रीण म्हणते, अंगठा. कुणाचं धरू?

जुनी पेठ: मैत्रिणीचं. चेकमध्ये बोटाला 'प्र्स्त'. बल्गेरियनमध्येही पालेत्स अंगठाच. रशियनमध्येही पूर्वी बोटाला 'पेर्स्त' होतं, आता ते कवितेत आणि 'पेर्स्तेन' म्हणजे अंगठीत उरलंय. जागा पालेत्सने बळकावली, मग खऱ्या अंगठ्याला 'बल्शोय पालेत्स', मोठं बोट, म्हणायची पाळी आली.

उत्तरध्रुव: पोलिशही रशियनच्या बाजूने. पालेत्स बोट, अंगठा 'क्चुक'.

भाषावेडा: पण हाताचा की पायाचा? चेकमध्ये दोन्हीला पालेत्सच. पुढच्या परिच्छेदात तो लंगडत नाही, पण चालतही नाही. नुसता बसून आहे!

सुगरण: मग 'अंगठा' लिहून मोकळे व्हा. निवड इंग्रजीवाल्याने करावी, आपल्याला गरजच नाही.

शुद्धमती: संदिग्धता हा भाषेचा आळस. पायाचा असेल तर 'पादांगुष्ठ' लिहावं.

सुगरण: पादांगुष्ठ मोडला तर डॉक्टर नाही, राजवैद्य बोलवावा लागेल.

शुद्धमती: थट्टा करा. रशियन 'रुका' म्हणजे हात, तो 'रोखणे'वरूनच आलाय. मूळ आपलंच.

जुनी पेठ: नाही हो. लिथुआनियनमध्ये हात 'रांका' आणि गोळा करणे 'रिंक्ती'. हात म्हणजे गोळा करणारा. खरं नातं हवं तर 'उस्ता' घ्या: चेकमध्ये तोंड, संस्कृत ओष्ठाचा भाऊबंद. किंवा 'झिव्होत', आपल्या 'जीव'च्या कुळातला. चेकमध्ये त्याचा अर्थ आयुष्य, रशियनमध्ये पोट!

उत्तरध्रुव: रशियनमध्येही जुना अर्थ वाक्प्रचारात टिकलाय. 'नी ना झिव्होत, आ ना स्म्येर्त' म्हणजे जिवावर उदार होऊन लढणं. आमच्या वर्गात एकाने 'पोटासाठी नव्हे, मरणासाठी' केलं होतं.

सुगरण: वाईट काय त्यात? आपल्याकडेही जीव पोटाशीच बांधलेला.

शुद्धमती: हे असं चालवून घेतल्यानेच भाषा बिघडते.

जुनी पेठ: मग रशियनांना सांगा, पोटाला 'झिव्होत' म्हणू नका.