बंदरगावातील सर्वेक्षणात ‘मातृभाषा’ कशी विचारावी?

प्रश्न : लघुप्रबंधवाली (रत्नागिरी)

समाजशास्त्राच्या एम.ए.साठी मी रत्नागिरीजवळच्या एका बंदरगावात भाषा आणि आपलेपणा या विषयावर लघुप्रबंध लिहीत आहे. गावात खारवी, भंडारी, कुणबी आणि दालदी (मुस्लीम मच्छीमार) कुटुंबे आहेत, आणि हंगामात नौकांवर नेपाळी खलाशी असतात. ‘आपली मातृभाषा कोणती?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘मराठी’ किंवा ‘उर्दू’ एवढेच उत्तर देतात. मात्र उर्दू सांगणारी दालदी गृहिणी पुढच्याच क्षणी सुनेशी कोकणीत बोलते. जनगणनेशी तुलना करता यावी म्हणून हा प्रश्न ठेवावा, असे मार्गदर्शक म्हणतात. तो ठेवावा का?

उत्तर : खाडीपलीकडचा

ठेवा, पण सर्वांत शेवटी विचारा. सुरुवातीलाच विचारलात, तर पुढची सगळी उत्तरे त्या एका शब्दाशी जुळवून घेतली जातात. जनगणना प्रत्येकाची एकच मातृभाषा आणि त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांपर्यंत नोंद घेते. नंतर त्या नोंदींचे गट पाडले जातात. 2011च्या जनगणनेत किमान दहा हजार भाषकांच्या 270 मातृभाषा 121 भाषांखाली बसवल्या गेल्या. मालवणी तिथे कोकणीखाली येते, जरी ती बोलणारे कित्येक जण तिला मराठीचीच बोली मानतात. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने कोकणीलाच मराठीत धरले होते. पुढे साहित्य अकादमीने 1975 मध्ये तिला स्वतंत्र भाषा मानले आणि 1992 मध्ये ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. तेव्हा तुलना अवश्य करा, पण जनगणनेचा आकडा हा गावाचा आरसा नाही, एवढे प्रबंधात स्पष्ट लिहा. मातृभाषेच्या प्रश्नाआधी सासूशी, मुलांशी, मशिदीत किंवा देवळात, मासळीच्या लिलावात आणि बँकेत कोणती भाषा वापरता, हे स्वतंत्रपणे विचारा.

उत्तर : जुना शिक्षक

वरील सूचना योग्य आहे, पण पुरेशी नाही, कारण तीही लोकांच्या सांगण्यावरच थांबते. लिलावात काही दिवस नुसते बसून ऐका, आणि जे ऐकाल ते सांगितलेल्या उत्तरांशेजारी मांडा. दोहोंत तफावत आढळली, तर तीच तुमची खरी सामग्री.

दुसरे असे, की भाषा मिळतीजुळती झाली म्हणजे माणसे एक झाली, असे गृहीत धरू नका. सांगलीजवळच्या कुपवाडविषयी गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी 1971 मध्ये दाखवून दिले, की तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींची वाक्यरचना शतकांच्या सहवासाने इतकी सारखी झाली आहे, की एका बोलीतील वाक्याचे दुसरीत जवळजवळ शब्दास शब्द रूपांतर करता येते. तरीही शब्दसंपत्ती वेगळी राहिली, कारण घरची भाषा जातीधर्माशी बांधलेली होती. आपल्या किनाऱ्यावर याच्या दोन टोकांची उदाहरणे आहेत. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीज सत्ता 1740 मध्ये गेल्यानंतरही पोर्तुगीजमूलक बोली घरात टिकवली आणि शेजाऱ्यांशी मराठी बोलत आले. उलट रायगडातील बेने इस्रायल ज्यू, म्हणजे आपले शनिवार तेली, घरीदारी मराठीच बोलत. रोहेकर, पेणकर अशी गावावरूनची आडनावे त्यांनी घेतली, आणि वेगळेपण जपले ते शनिवारच्या विश्रांतीत व धर्माचारात. त्यामुळे गावातील ‘आपले’ आणि ‘परके’ भाषेवरून ठरतात की अन्य कशावरून, हे आधीच ठरवून मोकळे होऊ नका. (प्रबंधाचे शीर्षक मात्र बहुधा आधीच ठरलेले असते, ही आपल्याकडची जुनी रीत!)

उत्तर : बंदरावरचा

अभ्यासाचा काळ पाहा. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते आणि नेपाळी खलाशांपैकी बरेच त्या काळात गावी जातात. उन्हाळी सुटीत सर्वेक्षण लांबले, तर ही माणसे त्यातून निसटतील. शिमग्याला आणि गणपतीत चाकरमानी मुंबईहून आल्यावर घराघरांतली भाषा बदललेली ऐकू येते. तोही नमुना वेगळा घ्यावा. आणि खलाशाशी नाखव्यासमोर बोलू नका. मालकाच्या कानांवर जाईल असे उत्तर तो मराठीतच, आणि हवे तसेच देईल.

लघुप्रबंधवाली

आभारी आहे. मातृभाषेचा प्रश्न शेवटी नेते आणि लिलावाच्या नोंदींसाठी वेगळी वही ठेवते. खलाशांशी हिंदीत बोलावे, की नेपाळी येणाऱ्या कुणाची मदत घ्यावी?

बंदरावरचा

आधी हिंदीत बोला. आपलेपणाविषयीचे प्रश्न मात्र त्यांच्यातीलच एखाद्या जुन्या खलाशाकडून विचारून घ्या, आणि तो तांडेलाच्या (नौका चालवणाऱ्या प्रमुखाच्या) मर्जीतला नाही ना, याची खात्री करा.