पडद्यावरचा खोटा टॅटू खरा कसा दिसेल? (आणि खरा कसा लपवायचा?)

तिसरी_घंटा:
लघुपटाचं चित्रीकरण सहा दिवसांचं आहे, त्यातले चार दिवस उन्हात. अडचणी अशा:

मुख्य पात्राच्या उजव्या हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत टॅटू हवाय. पात्र चाळिशीचं, टॅटू पंधरा वर्षं जुना. टॅटूच्या कागदावर साध्या प्रिंटरने छापून चाचणी घेतली. कॅमेऱ्यात तो चक्क स्टिकर वाटतो, चमकतो, आणि कोपराच्या आतल्या घडीत तासाभरात तडकला.

एका अभिनेत्रीच्या मानेवर खरा टॅटू आहे, तो दिसता कामा नये. फाउंडेशन थापलं की तिथे राखाडी डाग उमटतो.

एका प्रसंगात टॅटू काढून घेताना दाखवायचं आहे. तिथे हमखास काय चुकतं?

शिवाय कुणीतरी काळी मेंदी सुचवली आहे, सहा दिवस टिकते म्हणून. चालेल का? आणि डिझाइन नेटवरून उचललंय, त्याने काही बिघडतं का?

शून्य_नंबर_ब्रश:
बाकीचं सगळे सांगतीलच, आधी काळी मेंदी डोक्यातून काढा. मेंदी काळी नसते. तिला काळं करतं ते बहुतेक वेळा केस रंगवण्याच्या डायमधलं पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलीनडायअमीन. ते थेट कातडीवर लावायचं रसायनच नाही. काही जणांना दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही पाणीदार फोड येतात, ते नेमके डिझाइनच्या आकाराचे, आणि मागे डाग राहतात. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा जन्माची, पुढे हेअर डायसुद्धा लावता येत नाही. म्हणजे चौथ्या दिवशी तुमच्या नायकाचा हात सुजलेला, आणि उरलेलं चित्रीकरण पूर्ण बाहीच्या शर्टात.

जागुआ नावाच्या फळाचा रस निळा-काळा रंग देतो, तो मेंदीपेक्षा टॅटूच्या रंगाच्या जवळ जातो. पण पूर्ण चढायला एक-दोन दिवस लागतात आणि नंतर रोज थोडा उतरतो. पहिल्या आणि सहाव्या दिवसाचे शॉट एकमेकांना जोडले की हा फरक लपत नाही. ॲलर्जी त्याचीही होऊ शकते.

निळसर_काळा:
स्टिकर का वाटतो ते आधी कळलं तर निम्मं काम झालं.

खरा टॅटू कातडीवर नसतो, कातडीच्या आत असतो. शाई साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, आंतरत्वचेत बसते आणि वरचा पापुद्रा तिच्यावर तसाच राहतो. आपण शाई बघतो ती कातडीतून. त्यामुळे कार्बनची काळी शाई मुरल्यावर निळसर-हिरवट दिसते, आणि तिच्यावर रंध्रं, लव, घाम सगळं जागच्या जागी असतं. ट्रान्स्फरमध्ये, म्हणजे कागदावरून कातडीवर उतरवलेल्या छापात, रंग वर येतो आणि त्याच्यावर गुळगुळीत फिल्म. म्हणजे काळा जास्त काळा आणि कातडीचा पोत गायब. बाकीची सगळी खटपट या दोन गोष्टी मोडण्यासाठी.

फाइलमध्ये शुद्ध काळा वापरू नका. कोळशी रंगात थोडा निळा-हिरवा मिसळा, अपारदर्शकता ८० ते ८५ टक्के ठेवा. सावळ्या कातडीवर ही निळसर झाक कमी जाणवते, तिथे काळ्याकडेच झुका. पांढरा आणि फिका पिवळा जुन्या टॅटूत जवळजवळ शिल्लकच राहत नाहीत, ते काढून टाका. पंधरा वर्षांत रेषा पसरतात, म्हणून ३०० डीपीआयच्या फाइलला दोन-तीन पिक्सेलचा ब्लर द्या. अक्षरं असतील तर बारीक पोकळ्या मुद्दाम थोड्या भरा. ‘थ’, ‘छ’, ‘ळ’ यांची पोटं अजून स्वच्छ मोकळी असतील तर टॅटू गेल्या महिन्यातला वाटतो.

आता माप. हात सरळ नळी नसतो, वर जाड आणि खाली निमुळता. सपाट कागदावरचं चित्र त्याच्यावर गुंडाळलं की चुण्या पडणारच. हाताला क्लिंग रॅप गुंडाळा, वरून मास्किंग टेप लावा, कोपर किंचित वाकवलेलं असू द्या. मार्करने कोपर, मनगटाचं हाड आणि ठळक तीळ नोंदवा. मग आतल्या बाजूने, काखेपासून मनगटापर्यंत, कापून ते कवच सपाट करा. जिथे ते सपाट व्हायला नाही म्हणेल तिथे ब्लाउजला घालतात तसे टक घ्या. हाच तुमचा नमुना, चित्र याच्यावर बसवा आणि ए-४ च्या तुकड्यांत तोडा. तोड रेषेवर किंवा गडद भागात घ्या, मोकळ्या कातडीवर कधीच नको. छापताना आरशातलं प्रतिबिंब हवं. हे विसरून अक्षरं उलटी छापली गेलेली कमी नाहीत.

शाई पंधरा मिनिटं वाळू द्या, मगच गोंदाची फिल्म चढवा. मधून कडेकडे कार्डाने दाबत न्या, कारण राहिलेला प्रत्येक बुडबुडा घामाला आत शिरायची वाट देतो. रेषेपासून मिलिमीटरभर अंतर ठेवून कापा. जास्त मोकळी फिल्म राहिली तर तीच कड चमकते.

हाताची लव आदल्या रात्री काढा. त्याच सकाळी रेझर फिरवला तर अल्कोहोल झोंबतं आणि कातडी लाल होते. साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लोशन नको, सनस्क्रीन फक्त टॅटूच्या बाहेर. तुकडा ठेवून ओला कपडा तीस सेकंद दाबा, कागद आपोआप सरकला पाहिजे. ओढावा लागला तर थांबा, पुन्हा भिजवा.

कोपराच्या घडीत ट्रान्स्फर नेऊच नका. दोन्ही बाजूंनी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अलीकडे थांबा आणि मधला भाग अल्कोहोलने सुटणाऱ्या मेकअप रंगांनी हाताने काढा. त्यासाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल घ्या. ७० टक्क्यांच्यात पाणी असतं, रंग उशिरा वाळतो आणि रेषा पसरते. तुकड्यांचे सांधेही याच रंगांनी बुजवा.

शेवटी बिनरंगी पावडर दाबून लावा, झटका, सीलर (मेकअप टिकवणारा फवारा) वीसेक सेंटिमीटरवरून दोन हलक्या थरांत मारा, पुन्हा थोडी पावडर. मग ओल्या स्पंजाच्या खरबरीत बाजूने कातडीच्या रंगाचे अगदी विरळ ठिपके टॅटूवरूनच द्या. रंध्रांचा आभास तिथून येतो. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

सांधेजोड:
वरच्याशी सहमत, फक्त प्रिंटरबद्दल थोडं वेगळं मत. उन्हात काम असेल तर लेझर बरा. टोनर म्हणजे प्लॅस्टिक, घामाने फुटत नाही. साधी इंकजेट शाई पाण्यात विरघळते, फिल्मला सूक्ष्म चीर पडली तरी जांभळा ओघळ येतो. लेझरचा तोटा असा की फिल्म थोडी ताठ होते, म्हणून तुकडे लहान करा.

संच मोजून छापा. सहा दिवसांना सहा संच पुरत नाहीत, नऊ तरी ठेवा. एक चाचणीला जातो, एक लावताना दुमडतो, एक दुपारच्या जेवणानंतर लागतो. सगळे एकाच बैठकीत, एकाच कार्ट्रिजवर छापा. कार्ट्रिज मध्येच बदललं की काळ्याची जात बदलते.

रोज त्याच जागी बसावा म्हणून नमुन्यात तिळांच्या जागी छिद्रं पाडा. छिद्रातून तीळ दिसला की जागा बरोबर. मनगटाच्या हाडापासून खालच्या कडेचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, आणि लावल्यावर चार बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून.

काढताना घाई नको. तेल लावून पाच-सात मिनिटं तसंच ठेवा, मग कापडाने गोलाकार पुसा. रोज अल्कोहोलने घासलं तर तिसऱ्या दिवशी कातडी सोलवटते आणि नवा संच चिकटत नाही. तेलानंतर साबणाने दोनदा धुवा. तेलाचा अंशही राहिला तर दुसऱ्या दिवशीचा टॅटू दुपारपर्यंत कडा सोडतो.

वेळेचा हिशोबही करा. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रिझन ब्रेक’ मालिकेत नायकाच्या धडावरचा पूर्ण टॅटू लावायला चार-पाच तास लागत. व्यावसायिक चमूला इतका वेळ, तर दोन माणसांना अख्ख्या हाताला तीन तास धरा. आणि टॅटू खरंच दिसणारे प्रसंग सलग दोन-तीन दिवसांत बसवा. बाकी दिवशी बाही खाली.

शून्य_नंबर_ब्रश:
मानेवरच्या टॅटूबद्दल. राखाडी डाग येतो कारण निळसर-काळ्यावर तुम्ही थेट कातडीचा रंग लावताय, खालचा निळा त्यात मिसळून वर येतो. आधी त्याला मारायला विरुद्ध रंग हवा: गोऱ्या कातडीला पीच, गव्हाळ-सावळ्याला नारिंगी, त्याहून गडद असेल तर विटकरी लाल. हा थर फक्त शाईवर, स्पंजाने ठोकून, पातळ. घासायचं नाही, घासलं की खालचा थर उचलला जातो. पावडर. मग कातडीच्या रंगाचे दोन-तीन पातळ थर, प्रत्येकानंतर पावडर, आणि शेवटचा थर टॅटूच्या कडेपलीकडे तीन-चार सेंटिमीटर विरवत न्या. एकच सपाट रंग प्लॅस्टरसारखा दिसतो, म्हणून किंचित गडद आणि किंचित लालसर असे दोन रंग खरबरीत स्पंजाने शिंपडा.

मान वळते आणि कॉलर घासते, त्यामुळे क्रीमपेक्षा अल्कोहोलचे रंग टिकतात.

कातडीला हात लावून बघा. रेषा उंचवटलेल्या असतील तर रंग काहीही करू शकत नाही. तिरप्या प्रकाशात त्या दिसणारच. तिथे छायालेखकाशी बोला, त्या शॉटला मऊ प्रकाश समोरून घ्या.

स्टेन्सिल_जांभळी:
टॅटू काढण्याचा प्रसंग. चुका पहिल्या तीन सेकंदांत कळतात.

काढणाऱ्याचा दुसरा हात. खरा कलाकार त्या हाताने कातडी सतत ताणून धरतो, नाहीतर रेषा थरथरते. पडद्यावर तो हात नुसता टेकलेला असतो. सुई नळीच्या तोंडाबाहेर फार तर दोन मिलिमीटर जाते, पेनाच्या निबसारखी लांब बाहेर नसते. काम सुरू होण्याआधी कातडीवर जांभळ्या स्टेन्सिलच्या, म्हणजे आधी उतरवलेल्या आराखड्याच्या, रेषा हव्यात. उजव्या हाताचा कलाकार सहसा खालच्या उजव्या कोपऱ्यातून वर सरकतो, म्हणजे पुसताना पुढचं स्टेन्सिल जात नाही. दर काही सेकंदांनी कागदी टॉवेलने पुसणं, आणि पुसताना शाईचा काळा फराटा बाजूला पसरणं, याने प्रसंगात जीव येतो. दोन्ही हातांत हातमोजे. त्याच हातमोज्यांनी फोन उचलणारा कलाकार दाखवलात तर त्या धंद्यातला प्रत्येक प्रेक्षक हळहळेल.

आवाजही तपासा. कॉइल मशीन (विद्युतचुंबकावर चालणारं) गुणगुणत खडखडतं, रोटरी (मोटरवर चालणारं) बरंच शांत. हातात रोटरी पेन आणि ध्वनिपट्टीवर कॉइल, हे नेहमीचं.

नंतरचं: ताजा टॅटू लाल आणि किंचित फुगलेला असतो. रेषेभोवती तीन ते पाच मिलिमीटर लाल ठिपके द्या आणि वर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. इथे मात्र काळा गडदच हवा, वरचं ‘थोडा फिका ठेवा’ हे विसरा. पहिले दोन-तीन दिवस पातळ पाण्यासारखा स्राव येतो, पुढे आठवडाभर पापुद्रे सुटतात, वरवर बरं व्हायला दोन ते चार आठवडे. त्याच रात्री नायक पोहायला उतरत असेल तर पटकथा बदला.

कागदपत्र_आधी:
नेटवरून उचललेलं डिझाइन नको. कातडीवर आलं म्हणून चित्राचा हक्क मिटत नाही.

माइक टायसनच्या चेहऱ्यावरचा टॅटू व्हिक्टर व्हिटमिल यांनी २००३ मध्ये काढला. २०११ च्या ‘द हँगओव्हर पार्ट टू’मध्ये दुसऱ्या पात्राच्या चेहऱ्यावर तसाच टॅटू दाखवला, तर व्हिटमिल यांनी वॉर्नर ब्रदर्सवर दावा ठोकला. न्यायाधीशांनी प्रदर्शन रोखलं नाही, पण दाव्यात दम आहे हे बोलून दाखवलं, आणि पुढच्याच महिन्यात तडजोड झाली.

व्हिडिओ गेममध्ये खेळाडूंचे खरे टॅटू दाखवण्यावरून झालेल्या खटल्यांपैकी दोन बघा, निकाल दोन टोकांना. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बास्केटबॉलपटूंच्या टॅटूंबाबत गेम कंपनीच्या बाजूने कौल दिला. २०२२ मध्ये इलिनॉयच्या ज्यूरीने कुस्तीपटू रँडी ऑर्टनच्या टॅटूंसाठी कलाकार महिलेच्या बाजूने कौल देऊन ३,७५० डॉलर भरपाई ठरवली. दोन्ही खटले अमेरिकेतले, पण महोत्सव आणि ओटीटीवाले हक्कांची कागदपत्रं कुठेही मागतात.

तेव्हा चित्र नवं काढून घ्या आणि चित्रकाराकडून दोन ओळींचं संमतिपत्र घ्या: चित्रपट, जाहिरात, पोस्टर, सगळी माध्यमं, कायमसाठी. पोस्टर वगळलं जातं आणि नंतर नेमकं तिथेच अडतं. मानेचा खरा टॅटू झाकताय म्हणजे तो प्रश्न सुटला. एखाद्या शॉटमध्ये झाकायचा राहिला तर तो काढणाऱ्याचंही संमतिपत्र लागेल.

तिसरी_घंटा:
भरपूर मिळालं, आभार. कोपराचा भाग हातानेच काढतो, डिझाइनही नवं. एक राहिलं: एका पात्राच्या कानाच्या पाळीत मोठं भोक आणि त्यात गोल प्लग हवाय. अभिनेता म्हणतो, महिनाभरात पाळी ताणून घेतो.

सांधेजोड:
नको. साधं टोचलेलं भोक जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचं असतं. तिथून एकेक मिलिमीटर वाढवत, प्रत्येक टप्प्यानंतर कित्येक आठवडे थांबत जायचं असतं. महिन्यात घाई केली तर पाळी फाटते किंवा भोकाच्या आतली कातडी उलटी बाहेर येते. आठ-दहा मिलिमीटरच्या पुढे गेली की ती पूर्ववत होईल याची खात्री नाही.

पाळीच्या पुढून-मागून चिकटणारे चुंबकी खोटे प्लग वापरा. समोरून आणि पाऊण कोनातून खपून जातात. मात्र एका वेळी दोन-तीन तासच, चुंबकाच्या दाबाने पाळी दुखते आणि लाल होते. भोकातून आरपार दिसायलाच हवं असेल तर सिलिकोनची खोटी पाळी ओतून घ्यावी लागेल. साच्यासाठी अभिनेत्याचा कान एकदा लागेल, आणि कड विरघळवायची ती कानामागे, गालाकडच्या बाजूला नको.