मदत हवी आहे – डर्ट बाईकचा फोमचा एअर फिल्टर

मंडळी, भावाची केएलएक्स 110 ही छोटी डर्ट बाईक आहे, पावसाआधी कर्जतकडे लाल मातीत फिरवून आणलीय. एअरबॉक्स (एअर फिल्टर बसतो तो डबा) उघडला तर फिल्टर म्हणजे नुसता चिखलाचा गोळा, आणि शिवणीजवळ दोन बोटं फोम सुटलाय, दाबलं की भुगा हाताला लागतो. हा बदलायचाच ना? माझ्या मते धुण्यात अर्थ नाही, फाटक्या जागेतून धूळ सरळ कार्बोरेटरमधून इंजिनात जाणार आणि पिस्टन-रिंगची वाट लागणार.

आमचा गॅरेजवाला म्हणतो पेट्रोलमध्ये बुडव आणि वर इंजिन ऑइल चोळ, झालं काम. पण पेट्रोलने जोडाचा गोंद सुटतो आणि इंजिन ऑइल खाली ओघळून वरचा फोम कोरडा पडतो ना, म्हणून फोम फिल्टरचं वेगळं चिकट तेल असतं ते हवंय. ते मुंबईत सुट्टं कुठे मिळेल? कुर्ल्याला सीएसटी रोडवर चक्कर मारायच्या आधी विचारतोय, तिथे बहुतेक कारचाच माल दिसतो.

अजून एक, नवीन फिल्टर धुतल्यावर या दमट हवेत वाळवता कसा? पिळायचा नाही, नुसता दाबायचा एवढं माहितीये, पण चाळीच्या गॅलरीत दोरीवर टांगला तर जुलैत दुसऱ्या दिवशीही ओलाच, आणि ओल्यावर तेल नीट बसत नाही. हेअर ड्रायर थंड हवेवर चालेल का? आणि फिल्टरच्या कडेला ग्रीस लावताना कुठलं वापरता, साधं बेअरिंगचं चालतं का?