मदत हवी आहे: मे महिन्यात कोकणात लग्न, नवरी सावळी, मेकअप कसा ठरवायचा?

धाकट्या बहिणीचं लग्न मेमध्ये आहे, चिपळूणला. हॉलला एसी नाही, मुहूर्त दुपारचा, आणि त्या दिवसांत तिकडे घामाच्या कशा धारा लागतात ते कोकणातल्यांना वेगळं सांगायला नको. तिच्या मेकअपचं बघायचं काम माझ्याकडे आलंय, तर जाणकारांनी प्लीज सांगा.

मुख्य प्रश्न रंगाचा आहे. बहीण सावळी आहे, नाकीडोळी नीटस, आणि तिला तिच्याच रंगात छान दिसायचंय. एका पार्लरमध्ये ट्रायल घेतली तर तिथे तिला चांगली दोन शेड गोरी करून ठेवली, चेहरा एका रंगाचा आणि कान-गळा दुसऱ्याच, बाहेर उन्हात आल्यावर तर कपाळ राखाडी दिसायला लागलं. त्या बाई म्हणाल्या नवरी उजळ दिसायलाच हवी, फोटो चांगले येतात. मामीचंही तेच म्हणणं. बहीण तिथे काही बोलली नाही पण घरी आल्या आल्या तोंड धुवून टाकलंन, मला फार वाईट वाटलं. स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिला स्वतःचा चेहरा परका वाटावा हे मला अजिबात नकोय. तर नवीन आर्टिस्टला हे आधीच कसं सांगायचं?

दुसरं म्हणजे एचडी आणि एअरब्रशमध्ये नक्की फरक काय? एअरब्रशचे पैसे बरेच जास्त सांगतायत, घामात खरंच टिकतो का? तिची स्किन ऑयली आहे, गालावर पिंपल्सचे जुने डाग आहेत, डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅडॅपलीन (पिंपल्सवरचं लावायचं औषध) रात्री लावते.

आमच्याकडे आदल्या संध्याकाळी हळद, सकाळी गौरीहर, मग मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसून अंतरपाट, होम, सप्तपदी आणि नंतर जांभळा शालू. मधे मेकअप बदलायला वेळ मिळणार नाही, म्हणजे पिवळ्यावर आणि जांभळ्यावर दोन्हीवर चालेल अशी लिपस्टिक हवी. तिला चष्मा आहे, लेन्स घालते म्हणतेय, पण होमाच्या धुराचं काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, मी नवरीचे मेकअप करते म्हणून सविस्तर लिहिते. आर्टिस्टला "उजळ नको" एवढंच सांगून भागत नाही, कारण प्रत्येकीची उजळची व्याख्या वेगळी असते. बहिणीचा दिवसाच्या उजेडातला, बिनमेकअपचा, बिनफिल्टरचा फोटो पाठवा आणि म्हणा की शेड गळ्याशी मॅच हवी. ट्रायलला फाउंडेशन हातावर बघू नका, जबड्याच्या कडेला लावून खिडकीपाशी जा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा, काही फाउंडेशन थोड्या वेळाने गडद होतात. राखाडी दिसलं ते सावळ्या त्वचेवर फिकट शेड थापल्यामुळेच. डागांवर आधी नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ हात द्यायचा, मग वरून फाउंडेशन थोडंच लागतं. आणि ट्रायलमध्येच मोबाईलचा फ्लॅश मारून फोटो काढा, झिंक किंवा टायटॅनियमवालं सनस्क्रीन आणि वरून सिलिकाची पावडर जास्त झाली की नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही, फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक येतो.

एअरब्रश म्हणजे कॉम्प्रेसरच्या गनने पातळ थर फवारतात. दिसतो सुंदर, पण घामाने किंवा रडण्याने एकदा ओघळ आला की तिथल्या तिथे दुरुस्त करणं अवघड, आणि अ‍ॅडॅपलीनमुळे कुठे साल निघत असेल तर तेही उठून दिसतं. एचडी हाताने, ब्रश-स्पंजने होतो, टचअप सोपा. तुमच्या हॉलला मी एचडीच घ्या म्हणेन. घाम आला की टिश्यूने फक्त टिपायचा, पुसायचा नाही, आणि टिपल्याशिवाय वरून पावडर मारायची नाही, थर साचतात.

लिपस्टिक विटकरी लाल किंवा मरून घ्या, सावळ्या रंगावर पिवळ्यासोबतही खुलते आणि जांभळ्यासोबतही. फिकट गुलाबी टाळाच.

प्रतिसाद २

वरच्या ताईंनी बरंच सांगितलंय. अ‍ॅडॅपलीन चालू असताना चेहऱ्याला, अप्परलिपला वॅक्स अजिबात करू नका, सालटं निघतात, थ्रेडिंगच्या आधीही डॉक्टरांना विचारा. शेवटच्या आठवड्यात नवीन फेशियल-ब्लीच काही नको. हळदीला सगळ्या काकू-माम्यांना आधीच सांगून ठेवा, हातापायांना हवी तितकी लावा पण गालांना नुसतं बोट टेकवा, नाहीतर सकाळी चेहऱ्यावर पिवळी झाक राहते आणि शेड चुकते.

लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या, हात धुवून, आणि आत्तापासून रोज थोडा वेळ घालून सवय करा. धुराने डोळे चुरचुरले तर लेन्सवर चालणारे ड्रॉप्स करवलीच्या पर्समध्ये ठेवा, सोबत लेन्सची डबी आणि चष्मापण. मुंडावळ्या सेटिंग स्प्रे पूर्ण वाळल्यावरच बांधा, कानशिलावर दोरा घासतो तिथला मेकअप पहिला जातो. चापाची नथ असेल तर ट्रायललाच घालून बघा, वरच्या ओठावर टेकत असेल तर लिपस्टिक तिथेच पुसली जाते.

धागाकर्ती

दोघींचेही मनापासून आभार, बहिणीला सगळं वाचून दाखवलं, आता तीच म्हणतेय की विटकरी शेड बघायला आजच जाऊया. बिनफिल्टरचा फोटो उद्या सकाळी गॅलरीत काढते. एक राहिलं, चंद्रकोर टिकली लावायची की आर्टिस्टकडून काढून घ्यायची? घामात टिकली सुटते आणि कुंकू नाकावर येतं अशी भीती आहे.

प्रतिसाद १

काढूनच घ्या, वॉटरप्रूफ लिक्विड लायनरने, मरून रंगात. फक्त ट्रायलच्या दिवशी कानामागे थोडं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा, खाज किंवा लाली आली तर टिकलीच बरी. आणि विधीतलं पिंजर भटजींना आणि सवाष्णींना चिमूटभरच लावायला सांगा, चंद्रकोरीच्या वर, भांगाजवळ.