लाल कार्डवाल्या पोराचं दुखणं परत सुरू, कॅप्सूल देऊ की बंद करू? अर्जंट

मोहफूल: कोणी जागं आहे का, लवकर सांगा. पोराचं परत सुरू झालं, संध्याकाळपासून मांड्या नि पाठ धरून रडून रायला, हात लावू देत नाही. लाल कार्ड आहे. मागच्या वेळेस सलाईन लावून सोडलं तेव्हा रोजची कॅप्सूल दिली, पोळ्यापासून चालू आहे, एकही दिवस चुकवली नाही. आता मेडिकलवाला म्हणते हे कॅन्सरचं औषध, लेकराले काहाले देता. सासूबाईंनी डबीच लपवून ठेवली. देऊनही दुखतेच तर बंद करू का?

अर्धा_पुणेकर: लाल कार्ड म्हणजे? रेशनचं तर पिवळं नि केशरी असतं. वाढीच्या वयात पाय दुखतात हो, माझ्या मुलीला कॅल्शियम दिलं, थांबलं.

वडसा_जंक्शन: गडचिरोलीत लाल कार्ड म्हणजे सिकलसेल एसएस भाऊ, आईबाप दोघांकडून आलेला रक्ताचा आजार; पिवळं म्हणजे वाहक, एकाकडूनच आलेला, स्वतःला आजार नाही. कॅल्शियम राहू द्या तुमच्याजवळच. ताई, वय, वजन? ताप आहे का? कॅप्सूल हायड्रॉक्सीयुरियाच ना?

मोहफूल: तिसरीत आहे. हो तीच. वजनकाटा घरी कुठे राहते. देऊ की नको एवढंच विचारलं मी.

कमलापूरकर: आमच्या मुलीला कितीतरी वर्षं चालू आहे. रक्ताच्या कॅन्सरमध्येही देतात हे खरं, म्हणून मेडिकलवाला घाबरवतो, पण सिकलमध्ये ते गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे बाळ पोटात असताना रक्तात असतं ते, वाढवायला असतं, त्यामुळे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकणं कमी होतं. दुखण्याची गोळी नाही ती, फरक पडायला तीन ते सहा महिने जातात. मनाने बंद करू नका. शेवटचं सीबीसी, रक्तपेशी मोजायची तपासणी, कधी केलं? पांढऱ्या पेशी कमी झाल्या तर डॉक्टर स्वतःच थांबवतात. आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला हाताळू देऊ नका.

निसर्गमित्र_६४: या रासायनिक विषापेक्षा रोज गव्हांकुराचा रस आणि गुळवेल. रक्त कमी आहे तर लोहाचं टॉनिक. आता दुखतंय तिथे बर्फ लावा.

वडसा_जंक्शन: बर्फ अजिबात नाही!! थंडीने शिरा आखडतात, दुखणं वाढते. गरम पाण्याची पिशवी, अंगावर पांघरूण, घोट घोट पाणी पाजत राहा. लोहही तपासल्याशिवाय नाही, यांच्या रक्तात लोह कमी असतेच असं नाही, रक्त चढवलेलं असेल तर उलट साचते. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी.

निसर्गमित्र_६४: माझ्या मेव्हण्याला गुळवेलाने फरक पडला.

कमलापूरकर: मेव्हण्याला सिकल आहे का?

निसर्गमित्र_६४: संधिवात. वात तो वातच.

झाडीवाला: दोनतीन दिवसांत थंडीत कुठे गेला होता का पोरगा?

मोहफूल: परवा रात्री मंडईत, गावच्या जत्रेत, नाटक पाहाले गेला मामासोबत, पहाटे आला.

झाडीवाला: तेच असेल, उघड्यावर रातभर, पाणीही पिलं नसेल. कोणत्या गावची मंडई? आमच्याकडची या वर्षी अजून व्हायची आहे, वडशाची कोणती नाटक कंपनी होती?

स्पष्टवक्ता: लग्नाआधी दोघांचं रक्त तपासलं असतं तर ही वेळच आली नसती.

कमलापूरकर: रात्री लेकरू रडत असताना हे सांगायचं असते का? दोघंही वाहक असले तरी प्रत्येक वेळी चारात एक शक्यता, आमची मोठी एकदम ठणठणीत आहे. आणि आमच्या वेळी गावात तपासायला येत होतं कोण?

वडसा_जंक्शन: बाकीचं नंतर भांडा. ताई ताप आहे का हे तुम्ही अजून सांगितलं नाही. डाव्या बरगडीखाली पोट फुगून कडक लागते का? ओठ, नखं पांढरी? दम लागते का?

मोहफूल: पोट नेहमीसारखंच. दम नाही. अंग कोमट लागते, रडून रडून असेल.

वडसा_जंक्शन: कोमटवर जाऊ नका. यांची डाव्या बरगडीखालची प्लीहा, जंतूंशी लढणारी, लवकर निकामी होते, मग जंतू अंगात झपाट्याने पसरतात. आशाताईला उठवा, थर्मामीटर आणि मलेरियाची किट तिच्याजवळ असते. ताप निघाला तर सकाळची वाट नाही, सरळ १०८. दुखण्याचं काही दिलं का?

मोहफूल: पॅरासिटामॉलचं औषध नऊला पाजलं. आशाताई पलीकडच्या टोल्यावर, वस्तीवर राहते, दिराले धाडलं.

अर्धा_पुणेकर: सॉरी, मला माहीत नव्हतं. या मुलांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं असं आत्ता वाचलं, २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे.

मोहफूल: १०१ च्या वर निघाला. किटमध्ये मलेरिया नाही. १०८ ले फोन लावला, निघाली म्हणते. सासूबाई म्हणते डॉक्टरसमोर विचारल्याशिवाय डबी देत नाही, सोबत येऊन रायली.

वडसा_जंक्शन: येऊ द्या, बरंच आहे, डबी तिच्याचजवळ राहू द्या, डॉक्टरला दाखवता येईल. लाल कार्ड, जुने रिपोर्ट घ्या. पोचल्याबरोबर पहिलं वाक्य, सिकल एसएस आहे आणि ताप आहे. पॅरासिटामॉल नऊला दिलं हेही सांगा. खोकला किंवा छातीत दुखलं तर लगेच बोला, छातीचा एक्सरे म्हणाले तर नाही म्हणू नका.

झाडीवाला: चादर, स्वेटर घ्या, गाडीत गार लागते.

धानबांधी: इथे माहितगार आहेत म्हणून विचारतो, पुतणीचं पिवळं कार्ड आहे, तिला एसटीचा मोफत प्रवास लागू होते का?

कमलापूरकर: वाहकाला नाही, आजार असलेल्यांना. वेगळा धागा काढा भाऊ.