मदत हवी आहे: बोक्याच्या नाकावर जखमा, खपली पडते आणि परत धरते

नमस्कार मंडळी, मालवणजवळच्या गावात राहते, वाडीतलं घर, मागे माडाची बाग आणि थोडी कलमं. आमचा बोका बंड्या, चारेक वर्षांचा, भगवा-पांढरा, नाक आणि तोंडाकडचा भाग पांढराच. पाऊस लागल्यापासून त्याच्या नाकाच्या दांडीवर बारीक पुटकुळ्या यायला लागल्या, त्या फुटल्या, खपली धरली, खपली पडली की खाली लाल ओलं, आणि परत खपली. आता कानांच्या कडांना पण तसंच दिसतंय. बाकी अंग एकदम साफ आहे, केस गळत नाहीत, शिंका नाहीत, डोळ्यांतून पाणी नाही. बांगड्याचं डोकं टाकलं की आधीसारखाच गुरगुरत खातो. फक्त पंजाने नाक घासत बसतो आणि रक्त काढतो.

सासूबाई म्हणाल्या, "करंजेल लाव गो, दोन दिसांत सुकता की नाय बघ." त्यांनीच लावलं, त्याने चाटून टाकलं आणि मग तोंडाला फेस आणत पडवीभर फिरला. तेव्हापासून ते बंद.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर भले आहेत पण त्यांचा सगळा दिवस गाईम्हशींत जातो. ते म्हणाले एकतर डासांची ॲलर्जी नाहीतर बुरशी, खपली तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ती सोय इथे नाही. इंजेक्शन दिलं, त्याने ओलेपणा कमी झाला पण खपल्या आहेतच. मेडिकलवाल्याने गजकर्णाची एक ट्यूब दिली आहे, बॉक्सवर क्लोबेटासॉल आणि अजून दोन-तीन नावं आहेत, ती मी अजून उघडलेली नाही. लावू का? आणि मुख्य काळजी अशी की गणपतीला घर भरणार, मुंबईहून दिरांची पोरं येणार, ती आल्या आल्या बंड्याला उचलून गालाला लावतात, तर हे माणसांना लागण्यातलं आहे का ते कसं कळणार? कोणाच्या मांजराला असं झालं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद: फोटो टाका ना ताई. आमच्या मनीला असंच झालेलं, ते रिंगवर्म (म्हणजे गजकर्ण, बुरशीच) निघालं आणि आमच्या घरात सगळ्यांच्या हातांवर गोल गोल चट्टे उठले. पोरांना लांबच ठेवा सध्या.

प्रतिसाद: ती ट्यूब अजिबात लावू नका. क्लोबेटासॉल हे जोरदार स्टेरॉइड आहे, बुरशी असेल तर वरून बरं वाटतं आणि आतून पसरते, शिवाय नाकावर लावलेलं मांजर दोन मिनिटांत पोटात घेतं. डेटॉलसारखी जंतुनाशकं पण नकोत, मांजराच्या लिव्हरला ती झेपत नाहीत. सलाइनने किंवा कोमट मिठाच्या पाण्याने पुसा, बास.

मी डॉक्टर नाही, पण रेस्क्यूच्या मांजरांत बरीच वर्षं आहे म्हणून लिहिते. तुमच्या वर्णनावरून मलाही पहिल्यांदा डासच आठवले. नाकाची दांडी, कानांच्या कडा, कधी पंजांच्या गाद्या, म्हणजे जिथे केस विरळ तिथे डास चावतात आणि काही मांजरांना त्याची ॲलर्जी असते, ती पावसाळ्यातच उठते. तुमच्याकडे तर करवंट्यांत, माडाच्या आळ्यात पाणी असणारच. याची परीक्षा सोपी आहे, त्याला आठवडाभर जाळी लावलेल्या खोलीत कोंडा, डासच असतील तर तेवढ्यात फरक दिसतो. माणसांना लावायचं डासांचं क्रीम त्याला लावू नका, आणि कुत्र्यांच्या गोचिडांचं जे मानेवर घालायचं औषध मिळतं त्यात परमेथ्रिन असेल तर ते मांजराला विष आहे, झटके येऊन मरतात.

खरूज असेल तर ती बहुतेक कानाच्या कडेपासून सुरू होते, राखाडी जाड थर येतात आणि खाज एवढी की मांजराला झोप लागत नाही. ती स्क्रेपिंग (कातडी खरवडून नमुना) घेऊन मायक्रोस्कोपखाली लगेच कळू शकते. रिंगवर्ममध्ये केस तुटून टक्कल पडतं, खाज कधी असते कधी नसते. त्याचा निळा दिवा असतो त्यात हिरवं चमकलं तर जवळजवळ नक्की, पण चमकलं नाही म्हणून नाहीच असं धरू नका, कल्चरच (लॅबमध्ये बुरशी वाढवून बघणं) करावं लागतं आणि त्याला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे गणपतीच्या आधी हवं असेल तर आत्ताच द्या.

प्रतिसाद: बंड्या लाकूडफाट्यावर नखं घासतो का? दुसऱ्या बोक्यांशी मारामाऱ्या? विचारतोय कारण स्पोरोट्रायकोसिस म्हणून एक बुरशी असते, माती, काटे, कुजकं लाकूड यात राहते आणि बोक्यांमध्ये नाकावर दिसते. नाक सुजतं, जखम अँटिबायोटिकला दाद देत नाही. ब्राझीलमध्ये रिओकडे 1990च्या दशकाच्या शेवटापासून मांजरांमुळे माणसांत याची मोठी साथ आहे. ओरखड्यातून माणसाला होते, हातावर एका रेषेत गाठी येतात. इट्राकोनॅझोलच्या गोळ्या महिनोन् महिने द्याव्या लागतात आणि जखम भरल्यावरही निदान महिनाभर चालू ठेवतात. घाबरवत नाहीये, डासांची शक्यताच जास्त वाटते, पण ड्रेसिंग करताना ग्लोव्ह घाला.

आणि नाक पांढरं आहे ना, मग एक गोष्ट अजून. पांढऱ्या नाकाच्या, पांढऱ्या कानांच्या मांजरांना उन्हामुळे तिथेच स्किन कॅन्सर होतो. चार वर्षं म्हणजे वय तसं लहान, आणि कॅन्सर काही पावसाळा बघून येत नाही. पण एकच जागा न भरता खोल जायला लागली तर बायोप्सी टाळू नका.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. त्याला माजघरात कोंडलं, खिडकीला जाळी मारली, पहिल्या रात्री त्याने आणि आम्ही कोणीच झोप घेतली नाही एवढा ओरडला. आता कानांच्या कडा स्वच्छ सुकल्यात, नाकाच्या दांडीवर पण नवीन पुटकुळी नाही. पण डाव्या नाकपुडीजवळची एक जागा ओलीच आहे, तिथली खपली परत परत निघते. आणि हो, लाकूडफाटा रचलेला असतो तिथेच त्याचा अड्डा. पंचाईत ही की इथून कुडाळला नाहीतर गोव्याला न्यायचं तर गाडी करावी लागते.

प्रतिसाद: म्हणजे बरंचसं डासांचंच होतं. राहिलेली जागा त्याने स्वतः खाजवून चिघळवली असेल किंवा दुसरं काही असेल, ते स्मिअरशिवाय (काचेवर घेतलेला जखमेचा नमुना तपासल्याशिवाय) कळणार नाही. लॅबमधून काचेच्या दोन-तीन स्लाइड आणा, खपली उचलून ओल्या जागेवर स्लाइड हलकेच दाबा, हवेत वाळू द्या. पडलेली खपली आणि कडेचे थोडे केस उपटून कोऱ्या कागदात घडी करून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, ओल धरते. जवळच्या माणसांच्या लॅबवाल्याला विचारा केओएच (बुरशी बघायची साधी तपासणी) करून देतो का, काहीजण देतात. नाहीतर मुंबईला कोणी जाणारं असेल तर परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलात आधी फोन करून, नुसता नमुना घेतात का ते विचारून मगच पाठवा.

धागाकर्ती: नणंद लालबागला असते, ती या रविवारी येऊन जाणार आहे, तिच्याबरोबर पाठवते. स्लाइड मिळाल्या. त्याला धरायचं कसं तेवढं सांगा, नवरा गोणपाट म्हणतोय.

प्रतिसाद: गोणपाट टोचेल, जाड टॉवेल घ्या. चारही पाय आत, फक्त मुंडी बाहेर, आणि टॉवेल मानेशी घट्ट पण श्वास घेता येईल इतपत. खाऊन सुस्तावला की करा. नंतर तो टॉवेल गरम पाण्यात वेगळा धुवा, घरच्या कपड्यांत टाकू नका. रिपोर्ट आला की इथे लिहा, आणि तोवर पोरांना सांगा बंड्याला लांबूनच बघायचं.